चाळीस फुटांवरून काढलेला मासा परत सोडून काय उपयोग?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत मिसिसिपी नदीवरच्या वॉलआय आणि सॉगरच्या मासेमारीवर लेख आला होता, माझ्या भावानं कात्रणाचा फोटो काढून मला इकडे मिनेसोटात पाठवला. वाचताना आधी फार बरं वाटलं, कारण मी गेली बारा वर्षं याच नदीवर जातोय आणि आपल्या भाषेत या माशांवर कुणी चार ओळी लिहिलेल्या मी पाहिल्याच नव्हत्या. लेख चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. हे पत्र त्यातल्या एकाच मुद्द्यासाठी आहे. त्यात म्हटलंय की हिवाळ्यात धरणाखालच्या खोल डोहात जिगिंग करा (म्हणजे शिशाचा गोळा बसवलेला गळ सरळ खाली सोडून वरखाली हलवत राहा), सॉगर एकामागून एक लागतात, फोटो काढा आणि परत सोडून द्या, म्हणजे मजाही झाली आणि नदीचंही काही गेलं नाही. हे शेवटचं खरं नाही हो. नदीचं जातं, आणि चांगलं भरपूर जातं. हल्ली आपली बरीच मुलं इकडे शिकायला, नोकरीला येतात, सुट्टीत लायसन्स काढून नदीवर जातात, त्यांनी हा लेख प्रमाण मानला तर काय होईल या विचारानं मला राहवेना. पत्र लांबलं तर खुशाल कापा, पण पाण्याच्या खोलीबद्दल जे लिहिलंय तेवढं कापू नका.

आधी जागा सांगतो. मिसिसिपीच्या वरच्या भागात जहाजांसाठी नऊ फूट खोल वाट ठेवायची असं १९३० साली अमेरिकन काँग्रेसनं ठरवलं आणि मग ओळीनं लॉक (जहाजांना वरखाली करणारे दरवाजांचे हौद) आणि डॅम बांधत गेले. दोन डॅमच्या मधल्या पाण्याला इथे पूल म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर आहे. मी जातो तो पूल ४, म्हणजे रेड विंग गावाच्या वरच्या ३ नंबरच्या डॅमपासून खाली विस्कॉन्सिनमधल्या अल्मापर्यंत, मधे लेक पेपिन. हे लेक म्हणजे नदीच आहे, चिपेवा नदीनं गाळ आणून टाकला आणि मागचं पाणी तुंबून रुंद झालं. थंडी सुरू झाली की मासे तिथून वर सरकायला लागतात, डॅमपाशी येऊन अडतात आणि खालच्या डोहांत गोळा होतात. बाकी मिनेसोटातल्या तळ्यांवर फेब्रुवारीच्या शेवटी वॉलआयचा सीझन बंद होतो तो थेट मे महिन्यापर्यंत, पण हा नदीचा पट्टा वर्षभर उघडा. त्यामुळे मार्च उजाडला की चार महिने घरात कोंडलेली सगळी जनता इथेच लोटते, बोटीला बोट लागते, आणि बहुतेक सगळ्या बोटी नेमक्या सगळ्यात खोल डोहावर उभ्या असतात कारण तिथे लागतंय हे सगळ्यांना माहीत असतं.

वॉलआय आणि सॉगर हे सख्खे भाऊ म्हणावेत असे. दोघंही पर्च घराण्यातले, दोघांच्या डोळ्यात मागे एक चकाकणारा थर असतो त्यामुळे गढूळ पाण्यात, संधिप्रकाशात त्यांना बाकीच्यांपेक्षा चांगलं दिसतं, आणि रात्री टॉर्च मारला की डोळे मांजरासारखे चमकतात. सॉगर अंगानं लहान, सडपातळ, पितळी तपकिरी रंगाचा, पाठीवरून पोटाकडे उतरणारे गडद डाग. ओळखायची खरी खूण म्हणजे पाठीवरचा काटेरी पर उघडून बघायचा. सॉगरच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, वॉलआयच्या परावर तसे ठिपके नसतात, फक्त मागच्या टोकाला बुडाशी एक काळा डाग असतो, आणि त्याच्या शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरं असतं जे लांबूनही दिसतं. दोघांचा संकरही होतो, त्याला सॉगआय म्हणतात, तो हातात आला की जुनी माणसंसुद्धा दोनदा बघतात. ही ओळख मी एवढी का सांगतोय ते पुढे येईल.

सॉगरला खोल आणि गढूळ पाणी जास्त मानवतं. वॉलआय संध्याकाळी वर कडेला येतो, सॉगर बराच वेळ खालीच तळाला चिकटून असतो. म्हणून हिवाळ्यात डोहावर जिगिंग केलं की जास्त करून सॉगरच लागणार.

आणि जिगिंग काय चीज आहे ते मला माहीत आहे, मी काही त्याच्या विरोधात नाही. शिशाचा गोळा, त्यालाच घट्ट बसवलेला गळ, गळाला एक जिवंत मिनो, म्हणजे बोटभर मासा, नाहीतर मऊ प्लास्टिकची अळी, बस एवढंच. सगळी कला बोटीत आहे. नाक प्रवाहाकडे करून पुढच्या छोट्या इलेक्ट्रिक मोटरनं बोट अशी धरायची की ती पाण्याच्याच वेगानं खाली सरकली पाहिजे, म्हणजे दोरी सरळ उभी राहते. दोरी तिरकी झाली की तुम्ही जिगिंग करत नाही, तळावरून शिसं फरफटवत नेताय, आणि दोन मिनिटांत दगडात अडकणार. शिसं किती घ्यायचं? तळाला टेकलेलं हाताला कळेल एवढंच, त्याच्यावर एक गुंजही नाही. थंड पाण्यात अर्धा वीत उचलायचं आणि हळूच खाली सोडायचं, हिसका द्यायचा नाही. मासा धक्का मारेल म्हणून वाट बघत बसलात तर दिवस जाईल, कारण मार्चमधला सॉगर धक्का देत नाही, जिग खाली जाता जाता मधेच थांबते, किंवा उचलताना ओलं पान चिकटल्यासारखं जड लागतं, तेवढ्यावर ओळखून मनगट फिरवायचं. हे जमायला मला दोन हिवाळे लागले. जमलं त्या दिवशीचा आनंद मी अजून विसरलो नाही.

पण त्याच दुसऱ्या हिवाळ्यात मी जे बघितलं ते पण विसरलो नाही. एका गाईडच्या बोटीत आम्ही तिघं होतो, सोनारवर, म्हणजे पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्रावर, चाळीस फुटांच्या आसपास पाणी, आणि खरंच धडाधड लागत होते. तेरा चौदा इंचाचे सॉगर. गाईड म्हणाला लहान आहेत, सोडा, मोठे येतील. मी पहिला सोडला तेव्हा नीट बघितलं नाही. दुसरा हातात धरला तेव्हा त्याच्या तोंडातून गुलाबी काहीतरी फुग्यासारखं बाहेर आलेलं दिसलं, मला वाटलं याने काहीतरी गिळलंय, अजून पोटात गेलं नाही. तर ते त्याचं पोटच होतं, जठर उलटं होऊन तोंडात आलेलं. डोळे खोबणीतून पुढे आलेले. पाण्यात सोडला तर दोन वेळा शेपटी मारून खाली जायचा प्रयत्न केला, हातभर गेला, आणि बुचासारखा परत वर आला, आडवा. मग मी प्रवाहाच्या दिशेनं मान वळवून बघितलं. आमच्या आणि शेजारच्या बोटींनी सोडलेले सॉगर असेच आडवे, पांढरं पोट वर करून, ओळीनं वाहत चालले होते, आणि काठावरच्या कॉटनवुडच्या झाडांवर गरुड बसले होते, ते एकेक करून खाली येत होते आणि उचलून नेत होते. तिथे उघडं पाणी राहतं म्हणून हिवाळ्यात गरुड जमतातच, लोक कौतुकानं फोटो काढतात, मी पण काढले होते. त्या दिवशी कळलं की त्यातलं निम्मं जेवण आम्ही वाढत होतो. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून तीसेक मासे सोडले असतील, आणि घरी येताना आम्ही एकमेकांना सांगत होतो की एकही मारला नाही.

हे का होतं ते समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, तिच्या जोरावर तो हव्या त्या खोलीवर तरंगत राहतो. काही माशांची ही पिशवी एका नळीनं घशाला जोडलेली असते, कॅटफिश, ट्राउट यांची तशी असते, त्यांना गॅस तोंडावाटे सोडता येतो. वॉलआय आणि सॉगरची पिशवी बंद आहे. आतला गॅस कमी करायचा तर तो रक्तात शोषूनच कमी होणार आणि त्याला तासन् तास लागतात. आता पाणी साधारण ३४ फूट खाली गेलं की दाब वरच्या दुप्पट होतो, म्हणजे तिथून मासा अर्ध्या मिनिटात वर आणला तर पिशवीतला गॅस फुगून दुप्पट जागा मागणार. चाळीस फुटांवरून दुपटीच्याही वर. तेवढी जागा त्याच्या अंगात नाही, मग ती पिशवी जठर तोंडातून बाहेर ढकलते, आतडं मागून ढकलते, डोळे पुढे आणते, आतल्या आत रक्तस्राव होतो, कधी पिशवीच फुटते. शास्त्रीय भाषेत बॅरोट्रॉमा म्हणतात. पाणबुडे वर येताना थांबत थांबत का येतात ते ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको.

यावर पहिलं उत्तर मिळतं की मग हळूहळू ओढा. काही उपयोग नाही, तुम्ही अर्ध्या मिनिटाऐवजी तीन मिनिटं घेतली तरी तासांचं काम तीन मिनिटांत होत नाही, उलट मासा जास्त दमतो. दुसरं उत्तर, सुईनं टोचून गॅस काढा. मी लोकांना हे करताना बघितलंय, हलत्या बोटीत, गोठलेल्या बोटांनी, पिशवी नक्की कुठे आहे याचा अंदाज घेत, आणि काहीजण तर तोंडात आलेला तो फुगाच टोचतात, पण ते जठर आहे, पिशवी नाही! तिसरं, जे मला सगळ्यात जास्त लागतं, ते म्हणजे गरुड खातो ना, मग वाया कुठे गेला. गरुडाला नदीनं भरपूर दिलंय. त्या मार्चमधल्या सॉगरच्या माद्यांच्या पोटात अंडी असतात, पाणी अजून थोडं गरम झालं की त्या अंडी घालणार असतात, त्याच्यासाठीच तर त्या एवढ्या लांबून डॅमपर्यंत आलेल्या असतात.

चौथं उत्तर मात्र ऐकण्यासारखं आहे, आणि ते म्हणजे मग सोडूच नका, लागेल तो ठेवा आणि लिमिट झालं की थांबा. सॉगरच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. मिनेसोटा आणि विस्कॉन्सिनच्या मधल्या या नदीवर २०२० पासून वॉलआय आणि सॉगर मिळून माणशी ४ चं लिमिट आहे, आधी ६ होतं, आणि सॉगरला कमीत कमी लांबीची अट नाही. म्हणजे तेरा इंचाचा सॉगर खोल पाण्यातून आला तर तो सरळ ठेवायचा, मोठ्याच्या आशेनं परत टाकायचा नाही, चार झाले की रॉड गुंडाळायचा, मग दहा वाजले असोत नाहीतर सव्वाआठ. खायला तो उत्तमच लागतो. पण इथेच अडचण आहे. त्याच डोहात वॉलआय पण असतात, आणि वॉलआय १५ इंचाच्या खाली असेल तर कायद्यानं तो सोडावाच लागतो. तो तुमच्यासमोर डोळे बाहेर येऊन मेला तरी तुम्ही तो ठेवू शकत नाही. चौदा इंचाचा सॉगर चालतो, चौदा इंचाचा वॉलआय गुन्हा, म्हणून मी वर परावरचे ठिपके आणि शेपटीचं पांढरं टोक सांगत बसलो. चाळीस फुटांवर गळ टाकताना खाली कोणता आहे हे कुणालाच दिसत नाही. म्हणून मासा हातात आल्यावर ठरवायचं असं काही उरत नाही, जे ठरवायचं ते दोरी सोडायच्या आधी सोनारकडे बघून ठरवायचं. मिनेसोटाचं डीएनआर, म्हणजे नैसर्गिक संसाधनांचं सरकारी खातं, पण हेच सांगतं, साधारण ३० फुटांच्या खाली पकडा आणि सोडा करू नका. मी स्वतःसाठी २५ धरलेत.

मग लोक म्हणतात, २५ फुटांच्या वर काय मिळणार? आता इथे मला ट्रोलिंगबद्दल, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेण्याबद्दल, लिहायचंय, कारण तुमच्या लेखात त्याला दोनच ओळी मिळाल्यात आणि त्यात ते इंजिन चालू करून नुसतं फिरण्यासारखं वाटतं. नदीतलं ट्रोलिंग तळ्यासारखं नाही. इथे प्रवाहाच्या उलट्या दिशेला जायचं, आणि इतकं हळू की काठावरचं झाड बघून कळावं आपण पुढे सरकतोय. पाणीच प्लगला, म्हणजे माशाच्या आकाराच्या खोट्या आमिषाला, हलवतं, बोटीनं फक्त त्याला जागेवर धरायचं. मी थ्री-वे वापरतो, म्हणजे तीन कड्यांचा एक फिरता जोड, एका कडीला रॉडकडून येणारी दोरी, दुसरीला फूटभर दोरी आणि दोन-तीन औंसांचं शिसं, तिसरीला पाचेक फूट दोरी आणि तिच्या टोकाला तरंगणारा प्लग. तोच, फिनलंडच्या लाउरी रापालानं १९३६ साली बुचातून कोरला त्या जातीचा. शिसं तळावर ठक ठक करत जातं आणि प्लग त्याच्या मागे तळापासून वीत-दीड वीत वर राहतो, प्रवाहाकडे तोंड करून, जसा एखादा दमलेला छोटा मासा धार तोडत जागच्या जागी पोहत असतो तसा. प्लगच्या जागी हलकी जिग आणि शिशाच्या जागी जड जिग लावली की झाला डब्यूक रिग, नाव आयोवातल्या त्याच नदीवरच्या डब्यूक गावाचं. रॉडचं टोक एका लयीत थरथरत असतं. थरथर थांबली की काडी किंवा पान अडकलंय, दोरी आत घ्या. आणि थरथर थांबून टोक मागे जात राहिलं तर मासा.

हे कुठे करायचं तर डोहाच्या कडेला, जिथे तळ बारा-पंधरा फुटांवरून खोल पाण्यात उतरतो त्या काठाकाठानं, वाळूच्या पट्ट्यांना धरून, दिवस मावळायच्या आधीच्या तासात. वॉलआय तेव्हा चरायला वर येतो. उन्हाळ्यात आणि शरदात विंग डॅम. हे म्हणजे काठापासून पात्रात आडवे घातलेले दगडी बांध, १८७८ नंतर लष्कराच्या इंजिनिअरांनी दगड आणि वाळुंजाच्या फांद्यांचे थर देऊन घातलेले, धार मधे लोटावी म्हणून, आणि पुढे लॉक झाल्यावर ते पाण्याखाली गेले. वरचं पाणी काही ठिकाणी तीन फूटसुद्धा नसतं, बोटीचा पंखा मोडायला एक पुरतो, नकाशात बघून जा. पण त्यांच्या वरच्या अंगाला जिथे धार दगडावर आपटते तिथे वॉलआय नाक लावून उभा असतो, सहा-आठ फुटांत. तिथे पकडलेला मासा गळ काढून पाण्यात धरला की हात झिडकारून पाणी उडवून जातो. असा जाणारा मासा मी सोडला असं म्हणायला मला काही वाटत नाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर कुणी म्हणेल हा ट्रोलिंगवाला जिगिंगवाल्यांवर उठलाय. पद्धतीचा दोष नाही. थ्री-वेला जड शिसं लावून पन्नास फुटांवरही ट्रोलिंग करता येतं आणि तिथून आलेल्या माशाचं तेच होणार, आणि बारा फुटांत हलकी जिग टाकून दिवसभर मजेत सोडत बसता येतं. मार्चच्या शेवटी पाणी चाळिशीत गेलं, फॅरनहाइटमध्ये म्हणतोय, की वॉलआय आपणहून उथळ वाळूवर आणि बुडालेल्या गवताकडे सरकायला लागतो, मग तर डोहावर उभं राहायचं कारणच राहत नाही. पण बोटी तिथेच असतात. गर्दी बघून गर्दी जमते.

अजून एक, लेखात नांगराचा उल्लेख आहे पण तो बोटीच्या कुठल्या टोकाला बांधायचा ते नाही. नदीत नांगर नेहमी नाकाला. मागच्या टोकाला बांधला तर इंजिनाच्या वजनानं आधीच खाली असलेला भाग प्रवाह अजून खाली ओढतो आणि बघता बघता पाणी आत येतं, आणि मार्चच्या पाण्यात हातपाय चालायचे थांबायला फार वेळ लागत नाही. लाइफ जॅकेट अंगात पाहिजे, सीटखाली नाही. आणि डॅमच्या अगदी जवळ जिथे मनाईच्या पाट्या आहेत तिथे जायचंच नाही, खाली पाणी उलटं डॅमकडे ओढतं.

माझी विनंती एवढीच की तुमच्याकडे दुरुस्तीची चौकट असते त्यात हे छापा, की ३० फुटांच्या खालून काढलेला वॉलआय आणि सॉगर सोडला तरी बरेचदा वाचत नाही, तेव्हा त्या खोलीवर पकडा आणि सोडा करू नये, सॉगर ठेवावा, चार झाल्यावर थांबावं, आणि सोडायचेच असतील तर कडेच्या पाण्यात यावं. लेखकांना माझा नंबर द्यायला हरकत नाही, त्यांचं लिखाण मला आवडलंय, पुढच्या वेळी ते इकडे आले तर मी त्यांना रेड विंगच्या खालचा तो बारा फुटांचा वाळूचा काठ दाखवीन, संध्याकाळी पाचनंतर या म्हणावं. फक्त हे मार्चच्या आत छापलंत तर बरं, कारण तेव्हाच बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर गाड्यांच्या रांगा लागतात.

कळावे,

आपला एक वाचक
मिनेसोटा